एकाच दिशेचे थर

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात अख्खं सोलापूर टँकरमागे धावत होतं आणि वेणीमाधव सर एका लाकडी जमिनीमागे. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ऐन दुष्काळात हे सुचावं, यावर सात रस्ता चौकातल्या हॉटेलांत पुष्कळ बोलून झालं होतं. सरांच्या कानावर ते येई. पण इलाज नव्हता. प्रश्न प्रभाच्या गुडघ्याचा होता.

प्रभा त्यांची एकुलती मुलगी. बॅडमिंटन खेळायची, आणि असं खेळायची की जिल्ह्यातल्या मुली तिच्यासमोर उभं राहायचं म्हटलं की आजारी पडत. ती खेळायची त्या क्लबाच्या हॉलमध्ये शहाबादी फरशी होती. त्या दगडावर उड्या मारमारून तिचा उजवा गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, खेळायचं तर लाकडावर, नाहीतर घरी बसा. नेमकं त्याच सुमाराला अकलूजहून स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, दारात दुभती जनावरं, माणसं बोलायला गोड. सरांची बायको गोदावरीबाई व्यवहारी. त्यांनी लेकीशी ठरवून टाकलं: श्रावणात राज्याच्या संघाची निवड आहे. त्यात नाव आलं तर लग्नाचा विषय काढणार नाही. नाही आलं तर अकलूज. प्रभा म्हणाली, चालेल. मग बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, जमिनीचं तेवढं तुम्ही बघा."

सरांनी बघितलं. म्हणजे आधी वाचलं. कॉलेजच्या वाचनालयात एक परदेशी मासिक येई, ते त्यांच्याखेरीज कोणी उघडत नसे. त्यात थराच्या लाकडी जमिनीची माहिती होती. वर सागाचा पातळ थर, खाली हलक्या लाकडाचे आणखी थर, सगळे एकमेकांना दाबून चिकटवलेले. खरी गोम पुढेच होती. एका थराचे धागे उभे असले तर त्याच्या खालच्या थराचे आडवे. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून एक थर फुगायला निघाला की त्याच्याखालचा आडवा थर त्याला धरून ठेवतो. कोणालाच मनासारखं हलता येत नाही, म्हणून जमीन जागच्या जागी राहते. सरांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती जेवताना बायकोला समजावून सांगितली.

"एकत्र कुटुंबच की," गोदावरीबाई म्हणाल्या आणि ताक वाढायला उठल्या.

क्लबाचे अध्यक्ष महादेवप्पा वखारवाले. लाकडाचे थर चिकटवायचं मोठं यंत्र त्यांच्या वखारीत होतं. ते म्हणाले, साग माझा, चिकटवणं माझं, तुमी नुसतं सांगायचं. खालच्या थरांचं लाकूड उपाध्यक्ष आबासाहेबांनी दिलं. वेळापूरला त्यांची आमराई होती, आजोबांनी लावलेली. पाऊस नाही म्हणून विहीर आटली आणि झाडं उभ्या उभ्या वाळली. ती तोडून ट्रकमधून वखारीच्या दारात आली तेव्हा आबासाहेब ड्रायव्हरशेजारी न बसता मागे ओंडक्यांपाशी बसून आले होते. मयताबरोबर यावं तसे.

कमिटीच्या सभेत सरांनी टेबलावर चादर पसरली. नुसतेच उभे धागे असते तर ही चादर झाली असती का, असं त्यांनी विचारलं. गिरण्यांच्या गावात हा दाखला वाया जाणार नाही अशी त्यांची खात्री होती. तो गेलाही नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण शिक्षकाला प्रयोग दाखवल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी पिशवीतून दोन लांब पट्ट्या काढून टेबलावर उभ्या ठेवल्या आणि त्यांच्यावर आखूड पट्ट्या आडव्या मांडल्या.

आबासाहेब त्या मांडणीकडे बघत राहिले. "सर," ते म्हणाले, "ही तिरडी झाली की."

कोणी हसलं नाही. आबासाहेब आवाज न चढवता बोलत होते. लाकूड असं उभं-आडवं माणसासाठी एकदाच बांधतात, आणि तेव्हा ते बघायला तो माणूस नसतो. आजोबांची झाडं पोरांनी त्यांच्यावर खेळावं म्हणून दिली आहेत. घालायचं तर सगळं लाकूड एका दिशेनं घाला, बुडखा पश्चिमेला, शेंडा पूर्वेला, घराला घालतात तसं. नाहीतर ट्रक अजून वखारीच्या दारातच आहे.

सर म्हणाले, "आबासाहेब, मग ते फुगेल."

"कशानं?"

"दमट हवेनं. पाऊस आला की."

यावर मात्र अख्खी कमिटी हसली. पुष्कळ दिवसांनी सोलापुरात कोणीतरी इतकं मोकळेपणी हसलं असेल. खजिनदारांना तर ठसका लागला. महादेवप्पा डोळे पुसत म्हणाले, "येऊ द्या की सर पाऊस. तुमच्या त्या जमिनीवर पयला मी नाचतो." मग ते गंभीर झाले. "आमच्यात तिरडी नसती. आमी माणसाला बसवून नेतो. म्हणून मला उभं-आडवं काय बी चालतंय. पण देणाऱ्याचं मन मोडून कसं चालंल?"

ठराव एकमताने मंजूर झाला. त्या एकमतात सरांचंही मत होतं. आडवं यावं तर ट्रक परत जाणार, ट्रक गेला की जमीन गेली, आणि जमीन गेली की अकलूज. त्यांनी मनातल्या मनात शास्त्राशी तडजोड केली. भिंतींच्या कडेने चारी बाजूंना बोटभर फट ठेवायची. फुगलंच तर लाकडाला सरकायला जागा राहील. शास्त्राने यावर काही मत दिलं नाही.

जमीन गुरप्पा सुताराने बसवली. सगळे थर पश्चिमेकडून पूर्वेकडे, एकाखाली एक, शिस्तीत निजलेले. त्याला दिशेचं सोयरसुतक नव्हतं. सांगाल तशी घालतो, म्हणाला, गोल सांगा, गोल घालतो. फट मात्र सरांनी स्वतः उकिडवं बसून, बोट घालून तपासली.

वैशाखाच्या त्या कोरड्या हवेत जमीन आरशासारखी सपाट होती. प्रभाचे पाय तिच्यावर पडले की दगडावर येई तो चटका देणारा आवाज येत नसे. खोल, मऊ आवाज येई. गुडघ्याची सूज उतरली. सर संध्याकाळी बाकावर बसून नुसता तो आवाज ऐकत. पोरीने मारलेलं बॅडमिंटनचं फूल नेटच्या काठाला घासून पलीकडे पडलं की त्यांना वाटे, बुडखा पश्चिमेला तर पश्चिमेला. काय बिघडलं?

पुढे ते पेपर तपासायला पुण्याला गेले. परत आले तोवर उद्घाटन होऊन गेलं होतं आणि भिंतीच्या कडेने रंगवलेली लाकडी पट्टी ठोकलेली होती. छान दिसत होती.

मग पाऊस आला. त्याचं वर्णन करायला सोलापुरात त्या वर्षी प्रत्येक जण तयार होता, तेव्हा ते इथे नको. लोकांनी रस्त्यात उभं राहून पेढे वाटले. सरांच्याही हातावर एक पडला. तो त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला.

"बाबा," एका संध्याकाळी प्रभा म्हणाली, "मधे चढ लागतोय."

सरांनी गोटी आणली आणि कोर्टाच्या मधोमध ठेवली. गोटी क्षणभर विचारात पडली आणि भिंतीकडे निघाली. सरांनी कडेची पट्टी उचकटली. फट नव्हती. तिथे सिमेंट होतं, घट्ट, वरून गिलाव्यासारखं गुळगुळीत केलेलं.

महादेवप्पांनी काही लपवलं नाही. पाहुणे येणार होते, फट वाईट दिसत होती, उंदीर शिरले असते, तुमी पुण्याला होता, भरून टाकली. सिमेंट फोडायला त्यांची ना नव्हती. पण क्लबाची वस्तू फोडायची तर सभा घ्यावी लागणार, आणि सभा आबासाहेबांशिवाय कशी होईल? आबासाहेब वेळापूरला पेरणीत होते. इतक्या दिवसांनी माणसाला पेरायला मिळालं आहे सर, त्याला फरशीसाठी बोलावू?

प्रभाला थांब म्हणायला हवं होतं. रोज संध्याकाळी सर ते म्हणायला बाकावर जाऊन बसत. पण थांब म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं, आणि का ते सांगताना ठरावापाशी यावं लागलं असतं. निवड तोंडावर आली होती. तिला सरावाची गरज होती. हे सगळं खरं होतं. जमीन रोज कणाकणाने वर उठत होती, मधोमध, भाकरीसारखी.

ती मागे सरकत फूल घ्यायला गेली तेव्हा टाच उंचवट्याच्या कडेवर पडली. मोठा आवाज झाला नाही. तिने आरडाओरडही केली नाही. खाली बसून गुडघ्याला हात लावला आणि बापाकडे न बघता म्हणाली, "आईला सांगा, अकलूजला कळवा म्हणावं."

लग्न मार्गशीर्षात झालं, त्याच हॉलमध्ये. क्लबाने भाडं घेतलं नाही. हे आबासाहेबांनी सुचवलं आणि सगळ्यांना पटलं. नवरी पाटावर बसू शकत नव्हती, म्हणून तिला खुर्ची दिली. नवराही मग खुर्चीवर बसला. माणसं खरोखरच चांगली होती.

थंडीच्या कोरड्या हवेने लाकूड आकसलं होतं. उंचवटा कुठल्या कुठे गेला होता. जमीन पुन्हा सपाट, फक्त फळ्याफळ्यांत फटी पडलेल्या. अक्षता पडल्या त्या तिथेच शिरल्या. महादेवप्पांनी सरांचा हात धरून त्यांना मधोमध नेलं आणि कोल्हापुरी वहाण दोनदा आपटून दाखवली.

"बगा सर, बसली की न्हाय जागेवर? उगंच घाबरला तुमी."

सर हो म्हणाले. खुर्चीवरून उठायला प्रभाने हात पुढे केला होता. तो धरायला ते पोचायच्या आत कोणीतरी धरला.