श्रीखंडाच्या डब्यातला आवाज

जयंतच्या अ‍ॅम्पला नावं ठेवायला बाहेरच्या कुणाची गरज नव्हती, तो स्वतःच ठेवायचा. ऑफिसातल्या एकाची बदली झाली आणि जाता जाता त्याने हा जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा छोटा गिटार अ‍ॅम्प जयंतच्या गळ्यात मारला. पाच वॅटचा, चिनी, स्वस्तातला. व्हॉल्व्हचा म्हणजे आवाज कसा मऊ आणि भरीव, असं जयंतने दिल्लीत आर. के. पुरमच्या क्वार्टर्समध्ये आठवडाभर सगळ्यांना ऐकवलं. प्रत्यक्षात खालचे सूर चिखलात रुतल्यासारखे यायचे, वरचे पत्र्यावर खिळा ओढल्यासारखे, आणि गिटारला हात लावला नाही तरी मागे भुणभुण चालूच. महिन्याभरात अ‍ॅम्प गॅलरीत गेला.

"कबाडीवाल्याला देऊन टाक," जयंत म्हणाला.

"मी उघडून बघू?" वृंदाने विचारलं.

"यार वृंदा, हे काय तुझ्या गाडीचं वायरिंग आहे?"

वृंदा, म्हणजे त्याची बायको, मानेसरच्या एका कारखान्यात गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग तपासायची. सतरा वर्षं. पहाटे उठून दोन डबे भरायचे, धौला कुआँला कंपनीची बस पकडायची, दिवसभर भिंगाखाली सोल्डरिंगचे टाके बघायचे. मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असलेल्या जयंतला बायको नेमकं काय करते, हे एका वाक्यात सांगता आलं नसतं. त्याच्यावर तशी वेळ कधी आलीही नव्हती.

पुढचे चार रविवार ती दुपारची भांडी आवरून गॅलरीत बसली. व्हॉल्व्हच्या यंत्राचा प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसलेली असते, म्हणून आधी ती उतरवायची आणि मग एक हात पाठीशी ठेवून काम करायचं, म्हणजे शॉक बसलाच तर छातीतून जात नाही. हे तिला डिप्लोमाला असताना एका म्हाताऱ्या मास्तरांनी शिकवलं होतं. त्या शिकवणीचा उपयोग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, वाळत घातलेल्या कपड्यांखाली बसून होईल असं तिला वाटलं नव्हतं, पण झाला. लजपत राय मार्केटमधून तिने चांगले कपॅसिटर आणले. करोल बागेत स्पीकरचे कागदी कोन बदलणाऱ्या सरदारजींकडून त्याच मापाचा जुना, दणकट स्पीकर करून घेतला. वायरी पीळ देऊन कडेला बसवल्या, भुणभुण गेली. व्हॉल्व्ह बदलला, पत्रा गेला. चिखल मात्र जाईना. तिसऱ्या रविवारी तिच्या लक्षात आलं की पहिल्याच टप्प्यावरचा एक कपॅसिटर गरजेपेक्षा मोठा आहे, खालचे सूर नको इतके आत घेतोय आणि ते सगळे दारातच चेंगरतायत. तिने लहान बसवला आणि गिटारची जाडी तार छेडली. सूर आला, थांबला, सावकाश विरला. गॅलरीत एकटी बसून ती मोठ्याने हसली.

काढलेला प्रत्येक भाग तिने कागदाची चिठ्ठी लावून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवला. मूळचा स्पीकर डब्यात मावेना, तो पिशवीत घालून शेजारी. कारखान्याचा नियमच तसा होता. सुधारणा अंगाशी आली तर होतं तिथे परत जाता आलं पाहिजे.

जयंतला ऐकवण्याआधी तिने सगळं समजावून सांगितलं. "आवाजाला बसायला जागा लागते रे. आमच्या बसमध्ये सगळे दारातच उभे राहिले की कसं, कुणालाच धड चढता येत नाही. मी फक्त दार मोकळं केलं."

जयंतने एक सूर वाजवला. मग दुसरा. "अरे वा! बिल्कुल वेगळाच!" तो अ‍ॅम्पकडे बघत म्हणाला. अर्धा तास तो वाजवत राहिला आणि वृंदाने त्या आनंदात चहा दोनदा उतू घालवला.

गणपतीत पहाडगंजच्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा दुपारचा कार्यक्रम झाला. जयंतची गिटार पहिल्यांदाच गाणाऱ्यांच्या बरोबरीने ऐकू आली. प्रसादाच्या रांगेत मंडळाचे सेक्रेटरी गुणवंतराव जयंतचा हात धरून म्हणाले, "जयंतराव, नवा अ‍ॅम्प घेतला वाटतं?"

वृंदा शेजारीच उभी होती, हातात मोदकाची डिश. जयंत आता आपल्याकडे वळेल म्हणून तिने पदरसुद्धा नीट केला.

"नाही हो, तोच. थोडं काम केलं त्याच्यावर," जयंत म्हणाला. "व्हॉल्व्ह बदलला, स्पीकर बदलला. कसं असतं गुणवंतराव, आवाजाला बसायला जागा लागते. डीटीसीच्या बसमध्ये सगळे दारातच उभे राहिले तर?"

भोवतीचे चार जण वाहवा करून हसले. "वहिनी, आमच्या जयंतरावांच्या हातात जादू आहे," गुणवंतराव म्हणाले, आणि वृंदाही हसली, कारण अशा वेळी दुसरं काय करतात ते तिला माहीत नव्हतं.

घरी येताना ऑटोत तिने विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"अगं, तिथे प्रसादाच्या लाइनमध्ये कुठे एवढं सांगत बसणार? आणि तुझं-माझं वेगळं आहे का?"

वेगळं नव्हतंच. मोदकांचं कौतुक झालं की ते वृंदाचं असायचं आणि अ‍ॅम्पचं झालं की दोघांचं, म्हणजे जयंतचं. तिला इतका संताप आला की मोती बाग येईपर्यंत ती रस्त्यावरच्या पाट्या वाचत बसली.

तेवढ्यावर भागलं असतं तर तिने गिळलंही असतं, आजवर बरंच गिळलं होतं. पण दसऱ्यानंतर यतीन आला. हा गुरगावच्या कंपनीतला सव्वीस वर्षांचा मुलगा मंडळात नवीन होता, गिटार बरी वाजवायचा, आणि त्याच्याकडेही तसलाच स्वस्तातला अ‍ॅम्प होता. "काका, प्लीज, माझापण करून द्या ना," असं म्हणून तो अ‍ॅम्प बैठकीत ठेवून गेला. जयंतने त्याला दारापर्यंत पोचवलं, "हो हो, बघतो मी" म्हणाला, आणि दार लावून स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "वृंदा, एवढा करून टाक ना. दिवाळीच्या आत. मी शब्द दिलाय."

वृंदा चकलीची भाजणी परतत होती. तिने गॅस बंद केला.

"शब्द तू दिलायस ना? मग तूच कर."

"मला कुठे येतं?" जयंत हसत म्हणाला. त्याला ते कबूल करताना जराही लाज वाटली नाही, आणि वृंदाला त्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त राग आला.

मंडळाच्या दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी जयंत फुलं आणायला गेला तेव्हा वृंदाने श्रीखंडाचा डबा आणि स्पीकरची पिशवी काढली. यतीनचा अ‍ॅम्प कोपऱ्यात तसाच होता, त्याला तिने हात लावला नाही. जयंतचा उघडला. वीज उतरवली, एक हात पाठीशी घेतला, आणि चिठ्ठ्या वाचत एकेक जुना भाग जिथला तिथे झाळला. मूळचा स्पीकर, मूळचा व्हॉल्व्ह, तो मोठा कपॅसिटर. वायरीसुद्धा पूर्वीसारख्या विस्कटल्या. चार रविवारांचं काम दोन तासांत उलटलं. मग एक सूर वाजवून बघितला. तोच चिखल, तोच पत्रा, तीच भुणभुण. तिला रडू आलं, पण हात थांबले नाहीत. चांगले भाग तिने डब्यात भरले, चांगला स्पीकर पिशवीत.

आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. जयंतची फजिती व्हावी असं तिला वाटत नव्हतं, म्हणजे थोडी झाली तर चालणार होती. तिला एवढंच हवं होतं की पहिला सूर वाजताच त्याने चमकावं, मान वळवावी आणि शेकडो माणसांत तिला शोधावं. बस. मग ती उठून गेली असती, दहा मिनिटांत निदान तो लहान कपॅसिटर तरी बसवला असता. डबा तिने पर्समध्ये घातला होता, सोबत छोटी सोल्डरिंग गनसुद्धा.

पहाटे हॉल अत्तराच्या आणि मोगऱ्याच्या वासाने भरला होता. वृंदा तिसऱ्या रांगेत कडेला बसली. तानपुऱ्याचं मशीन सुरू झालं, तबला लागला. जयंतने झब्ब्याच्या बाह्या सारल्या आणि पहिला सूर छेडला.

चिखल. वृंदाने दोन्ही हातांनी पर्स धरली.

जयंतने डोळे मिटले होते. मान हलवत होता. दुसरं कडवं आलं, त्याने वरच्या पट्टीत एक लांब तान घेतली, पत्रा करकरला, आणि पुढच्या रांगेतून "क्या बात है!" आली. वृंदाने शेजारी बघितलं, मागे बघितलं. बायका माना डोलवत होत्या. गुणवंतराव डोळे पुसत होते. दीड तास ती वाट बघत राहिली आणि दीड तासात त्याने एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. तेव्हा तिला त्याच्या त्या पहिल्या "अरे वा!"चा अर्थ लागला. त्या दिवशीही त्याला काही ऐकू आलं नव्हतं. चिनी, स्वस्तातला म्हणून अ‍ॅम्प आधी वाईट वाटला, आणि नंतर चांगला ऐकू येईल असं तिने सांगून ठेवलं होतं, म्हणून चांगला. तिने चार रविवार ज्याच्यासाठी काम केलं तो कान त्या घरात एकच होता, आणि तो तिचा स्वतःचा होता.

"आज तर नेहमीपेक्षा भारी वाजला ना?" ऑटोत जयंतने विचारलं.

"हो," वृंदा म्हणाली.

"यतीन दुपारी येतोय फराळाला. त्याचा झाला का?"

"झालाय."

यतीन आला. उभ्याउभ्याच त्याने आपली गिटार जोडली आणि ज्याचा एक स्क्रूसुद्धा कुणी फिरवला नव्हता त्या अ‍ॅम्पमधून दोन-तीन सूर काढले. त्याचा चेहरा उजळला. "काका! ज़मीन-आसमान का फ़र्क! कसं केलंत?"

"काही नाही रे," जयंत सोफ्यावर रेलून म्हणाला. "आवाजाला बसायला जागा लागते."

वृंदाने दोघांपुढे फराळाच्या बशा ठेवल्या. जयंतने चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि लगेच थांबला.

"वृंदा," तो म्हणाला, "या वेळी चकली जरा मऊ पडलीय गं. भाजणीत काही बदललंस का?"