खूण वर ठेवलेली काठी

गाणे थांबले होते. चारशे माणसांनी भरलेल्या त्या सभागृहात फक्त मोजपट्टी उलगडण्याचा आवाज येत होता, आणि ती उलगडत होती माझ्याच पोटाखाली.

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. उंच उडी मारणारे जिला ओलांडतात, ती आडवी काठी. घडतानाच माझ्या कमरेत किंचित बाक राहिला. म्हणून क्लबातल्या लोकांनी माझ्या एका अंगावर बारीकशी लाल खूण केली. खूण वर असली, तर माझा मध्य सरळ राहतो. खाली गेली, तर दोन सेंटिमीटरने झुकतो.

आमच्या मोराव्हियात, म्हणजे चेक देशाच्या पूर्व भागात, हिवाळ्यातल्या उड्या संगीतावर होतात, प्रत्येकीचे गाणे वेगळे. आमच्या क्लबातल्या द्राहोमीराने निवडले होते लग्नाच्या वरातीतले, कर्ण्यांचे गाणे.

"उडी मारायला आलीस की नवरा न्यायला?" मुली तिला चिडवत.

"काठीपलीकडे उभा असला, तर आणते की!"

मला खांबांवर ठेवण्याचे काम तिच्या वडिलांचे, मेतोदेय यांचे. गावच्या स्पर्धेत ज्याच्या हाताला जे येईल, ते तो करतो. त्या दिवशी एक मीटर सत्त्याण्णव पार झाले, तरच द्राहोमीराला ऑलिंपिकचे दार उघडणार होते. दुसऱ्या प्रयत्नात मी पडले. मेतोदेयनी घाईने मला उचलून ठेवले. तिसऱ्या खेपेला ती माझ्यावरून अशी गेली, जशी शेतावरून ढगाची सावली जाते. मी शहारलेसुद्धा नाही.

तेव्हा पंच वाव्रा उठले. "मेतोदेय, खूण वर होती ना?"

"वरच असणार की."

"असणार? बाप घरी व्हायचं. इथं मोजपट्टी काय म्हणते ते बघू."

मला वाचा नाही. पट्टी माझ्या मध्याला टेकली. वाव्रांनी चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिले.

"एक सत्त्याण्णव. नेमकं! वाजवा रे ते लग्नाचं गाणं!"

सभागृहाचा कोंडलेला श्वास एकदम सुटला. मेतोदेय मात्र गादीच्या कडेवर मटकन बसले.

पुढे तिने पदके आणली, दोनदा युरोप जिंकला, आणि गुडघा कुरकुरू लागला तशी थांबली. माझ्या जागी नवी काठी आली. कोठीत, खोली तापवणाऱ्या गरम नळीवर तिरकी पडून मी अधिकच वाकले. विसरलेल्या वस्तूला तिचा आकार असाच हळूहळू सोडून जातो. मित्रांनो, जिने तुमची उंची तोलून धरली, तिला निदान सपाट जागी निजवा. एवढेच मागणे.

द्राहोमीरानेच मला तेथून सोडवले. आता त्यांच्या बागेत दोन खुंटांवर आडवी राहून मी प्लमने लगडलेल्या फांदीला आधार देते. गेल्या शरदात फळे उतरवता उतरवता तिने विचारले, "बाबा, खरं सांगा. त्या दिवशी खूण बघितली होती का तुम्ही?"

मला ठाऊक आहे. तेव्हा त्यांची नजर माझ्यावर नव्हती. ओठ चावत उभ्या असलेल्या लेकीवर होती.

मेतोदेयनी फांदी हलकेच उचलली. मला फिरवून लाल खूण वर आणली, अंगठ्याने चाचपून पाहिली, आणि टोपली उचलून ते घराकडे चालू लागले.