डावा गाल

नाकाचा शेंडा त्याने केसभर वर उचलला आणि मान मागे घेऊन पडद्याकडे पाहिलं. जमलं नव्हतं. नाकाचं माप कमीजास्त करणारी पडद्यावरची बारीक पट्टी माऊसने त्याने पुन्हा थोडी खाली सरकवली.

"बाबा, माझे कान एवढे मोठे आहेत का?" लेक त्याच्या खांद्यावरून डोकावत म्हणाली.

"जादूगारणीला लागतात. ड्रॅगन लांबूनच ऐकू यायला हवा."

"ते पऱ्यांना. मी माणूस निवडलंय."

त्याने कान लहान केले. हा खेळ मामाने वाढदिवसाला दिलेला. तलवारी, मंत्र, ड्रॅगन सगळं होतं त्यात, पण ते पुढे. आधी आपलं पात्र घडवायचं, त्याला चेहरा द्यायचा. दोन दिवस तिने एकटीने खटपट केली आणि दर वेळी कोणीतरी भलतीच बाई तयार झाली. शेवटी आज, सुट्टीच्या दुपारी, तिने बाबाला हाताला धरून आणून बसवलं. वीस वर्षं फोटो स्टुडिओत लोकांचे चेहरे दुरुस्त करणारा माणूस घरात असताना आपण कशाला डोकं फोडायचं, असा तिचा हिशेब. नावाच्या चौकटीत तिने आपलं लाडाचं नाव आधीच टाइप करून ठेवलं होतं, चिऊ.

तो रंगात आला. कपाळ, भुवया, हनुवटीवरची खळी. सवयीचं काम, हात पुढे आणि डोकं मागे. तासाभराने त्याने ऐटीत खुर्ची मागे सरकवली.

"घ्या. चिऊताई हजर."

तिने बराच वेळ पाहिलं. "छान झालीय," ती म्हणाली. मग पुढे वाकून तिने चौकटीतली दोन्ही अक्षरं खोडली. "हिला दुसरं काहीतरी नाव देऊ या. तू सुचव. मी पाणी पिऊन येते."

रिकाम्या चौकटीत रेघ लुकलुकत राहिली. आपलं काय चुकलं ते शोधायला त्याने चेहरा पुन्हा कपाळापासून तपासायला घेतला, आणि डाव्या गालाशी येऊन थांबला. गाल स्वच्छ होता. लेकीच्या त्या गालावर जन्मापासून तपकिरी डाग आहे. इथे त्याने तो पुसला नव्हता. पुसायला इथे काही नव्हतंच. तो घालायचा असतो, हे त्याला आठवलंच नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घाईघाईने त्याने यादी धुंडाळली. व्रण, तीळ, गोंदण, जन्मखुणा. एक खूण उचलून त्याने गालावर ठेवली, रंग जुळवला, आणि हात थांबला. डाग जबड्यापर्यंत उतरतो की अलीकडेच संपतो? कानाला टेकतो का? जुन्या गिऱ्हाइकांचे तीळसुद्धा त्याने झोपेत सांगितले असते. ही तर रोज समोर जेवायला बसणारी पोर.

त्याने भिंतीकडे पाहिलं. अकरा वाढदिवसांचे अकरा फोटो, सगळे त्याच्याच हातचे. अकराही फोटोंत ती किंचित डावीकडे वळलेली, उजवा गाल पुढे. तरीही डागाची जी कड डोकावली असेल ती त्याने नंतर साफ केलेली. बायको सुरुवातीला एकदा बोलली होती. फोटो चांगला यावा म्हणून करतो, बाकी काही नाही, असं त्याने तिला सांगितलं होतं आणि त्यानंतर तिने तो विषय काढला नव्हता.

"चिऊ," त्याने हाक मारली. "इकडे ये जरा. समोर बस. मला तुला बघून करायचंय."

ती आली. ओलं तोंड बाहीला पुसून समोरच्या स्टुलावर बसली. वेणी मागे टाकली, पाठ ताठ केली, आणि कोणी काही सांगायच्या आत हनुवटी थोडी डावीकडे वळवून स्थिर झाली.

"अशी ना, बाबा?"

तो उठला, आपली खुर्ची उचलून तिच्या डाव्या अंगाला नेली आणि अगदी जवळ बसून तिच्या गालाकडे पाहू लागला.

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग हळूच हात वर नेऊन तो गाल झाकून घेतला.