वारुळाकडच्या बारा ओळी

एनेसीने फावड्याचा दांडा धरला आणि सोडला नाही. दुसरे टोक केझियाच्या हातात होते.

"सोड."

"तू सोड. फावडं माझं आहे, लुसुंगूच्या आई. घरून आणलंय."

"शेत माझं आहे."

केझिया लोंग्वे ही काविंगा गावच्या ख्रिस्ती मंडळीतल्या महिला संघाची प्रमुख. तिच्या मागे सहा जणी उभ्या होत्या. डोक्यांना संघाचे पांढरे रुमाल, कमरेला जुनी लुगडी, खांद्यांवर फावडी. चूल फुंकताना एनेसीला धप्‌ धप्‌ आवाज आला होता, म्हणून ती धावत आली. तोवर बायांनी दोन वरंबे ओढून टाकले होते. चांगले ओढले होते, ही आणखी चीड आणणारी गोष्ट.

"न विचारता दुसऱ्याच्या शेतात शिरायला तुम्ही काय शेळ्या आहात?"

"शेळ्या खातात. आम्ही खणतोय."

मागे कोणीतरी फिसकन हसले. केझिया हसली नाही.

"वरच्या कचेरीतून सचिव येणार आहेत गुरुवारी. बघणार, विचारणार. लुसुंगू परदेशी गेली तर घरी तिचं काम कोण करणार? आम्ही करणार. बोलून दाखवण्यापेक्षा करून दाखवलेलं बरं."

"लुसुंगू कुठे जात नाहीये."

"ते तिने सांगू दे."

"मी सांगतेय ना." एनेसीने दांडा सोडला आणि बोट रोखले. "आणि तिकडे तर पाऊलही टाकायचं नाही. समजलं?"

बोटाच्या रोखाने सगळ्यांनी पाहिले. पायवाटेलगत पुरुषभर उंचीचे लाल वारूळ होते. वारुळापासून पायवाटेपर्यंत बारा ओळी. गेल्या साली कापलेल्या मक्याची ताटे तिथे अजून आडवी पडली होती. त्या ओळी लुसुंगूच्या. सात वर्षांची असताना बापाने तिला तिथे उभे केले होते आणि म्हटले होते, ह्या तुझ्या. बाप गेला. ओळी राहिल्या. गेली बावीस वर्षे दरसाल सगळ्या शेतात पहिले फावडे तिथे पडायचे. या साली अजून पडले नव्हते.

*

पाठवणाऱ्या मंडळीचे नाव: काविंगा.

सभासदसंख्या: ~~तेहतीस~~ एकतीस. (मोयो नवरा-बायको लेकाकडे राहायला गेले.)

इमारत: आहे.

छप्पर कशाचे: गवताचे. दरसाल नवे.

सेवक कोणत्या देशात जाणार: स्कॉटलंड.

*

अर्ज पेन्सिलीने भरला होता. भरणारे न्यासुलू हे मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी. तीस वर्षे शाळामास्तर होते, त्यामुळे खोडरबर जवळ असल्याशिवाय ते लिहीत नसत.

चर्चसमोरच्या आंब्याला एक घंटा टांगलेली आहे. ती स्कॉटलंडच्या एका किनाऱ्यावरच्या गावातल्या मंडळीने पाठवलेली, न्यासुलूंच्या वडिलांच्या लहानपणी. तेव्हापासून दोन मंडळ्यांची पत्रे चालू होती. नाताळला तिकडून कार्ड यायचे, इकडून शेंगदाणे जायचे. या वर्षी ईस्टरनंतर आलेले पत्र वेगळे होते. आम्ही नऊ जण उरलो आहोत, त्यात लिहिले होते. सगळे सत्तरीच्या पुढचे. कोणी आजारी पडले तर शेजारी बसायला माणूस नाही. मुले रस्त्यावर आहेत, पण त्यांना हाक मारील असे कोणी नाही. तुमच्याकडून कोणी येईल का? खोली आहे, जेवण आहे, प्रवासाचे आम्ही बघू.

न्यासुलूंनी पत्र उपासनेत दोनदा वाचले. पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसला नाही.

"म्हणजे ज्यांनी घंटा दिली," केझिया बाकावरून उठून म्हणाली, "त्यांच्याकडे घंटा ओढायला माणूस नाही?"

"तसंच दिसतंय."

"मग पाठवायला नको?"

लुसुंगू तिसऱ्या बाकावर बसली होती. गावच्या दवाखान्यात ती नर्सच्या हाताखाली काम करायची. कोणाच्याही उशाशी रात्रंदिवस बसायची, आणि तिने हाक मारली की पोरे झाडावरून खाली यायची. तिने हात वर केला नाही. पण सगळी मंडळी तिच्याकडे वळून पाहू लागली. एनेसीने तेवढ्यापुरती मान खाली घालून गीतांच्या पुस्तकाचे पान शोधले. गीत चालू नव्हते.

*

"तिथे दुपारी तीनला अंधार पडतो म्हणे," एनेसी म्हणाली.

मायलेकी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. सकाळच्या भांडणाबद्दल लुसुंगूला कळले होते. काविंगात न कळण्यासारखे काही नसते.

"थंडीच्या दिवसांत, आई. उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो."

"आणि खातात काय?"

"बटाटे."

"रोज?"

"आपण रोज मक्याच्या पिठाची सिमा खातोच की."

"सिमा म्हणजे जेवण. बटाटा म्हणजे बटाटा."

लुसुंगू हसली. मग तिने आणखी एक मूठ शेंगा पुढ्यात ओढल्या.

"तीन वर्षं आहेत," ती म्हणाली. "तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही. रुसणार नाही, नंतर कधी बोलून दाखवणार नाही. तूच सांग."

एनेसीने एक शेंग दाबली. आत दाणा नव्हता. तिने टरफले बाजूला टाकली.

"नको म्हणते मी."

"बरं."

लुसुंगूने सूप उचलले, टरफले उडवली, दाणे टोपलीत ओतले, सूप भिंतीला टेकवले आणि दवाखान्यात निघून गेली. एकही भांडे आपटले नाही. आपटले असते तर एनेसीला बरे वाटले असते.

*

सेवक दूर असताना त्याच्या घरच्या जबाबदाऱ्या मंडळी कशा पार पाडणार? (चार ओळींत लिहा.)

फावड्याने.

(उरलेल्या तीन ओळी रिकाम्या.)

*

गुरुवारी सचिव म्सोवोया मोटरसायकलवर मागे बसून आले. बूट काळे, चकचकीत. टेकडी उतरेपर्यंत लाल झाले. मंडळीने त्यांना आंब्याखाली खुर्ची दिली, थोब्वाचा, मक्याच्या गोड आंबवणीचा, पेला दिला. बायका चटईवर बसल्या, पुरुष घंटेखालच्या ओंडक्यावर. एनेसी टोकाला, पाय लांब करून. लुसुंगू उभी.

सचिव वाईट माणूस नव्हते. आधी त्यांनी पावसापाण्याची चौकशी केली, घंटेला हात लावून पाहिला. मग अर्ज गुडघ्यावर घेतला.

"ही जी मंडळीच्या जबाबदारीची जागा आहे," ते म्हणाले, "इथे एकच शब्द आहे."

"पुरेसा आहे," न्यासुलू म्हणाले.

"मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. परदेशी सेवक पाठवणं म्हणजे..." त्यांनी चर्चच्या छपराकडे पाहिले. छपराच्या एका कोपऱ्यातले गवत वाऱ्याने उडाले होते. "एकतीस लोक. मोठमोठ्या मंडळ्या दहादा विचार करतात."

"त्यांना विचार करायला माणसं जास्त," केझिया म्हणाली.

ओंडका हसला. सचिवही थोडे हसले.

"मी मार्ग घेऊन आलोय. पाठवणाऱ्या मंडळीच्या जागी शहरातल्या मंडळीचं नाव घालू. त्यांच्याकडे एक तरुण प्रचारक तयार आहे. तुम्ही प्रार्थनेने साथ द्या. तीही मोठी सेवा आहे."

"पत्र आम्हाला आलंय," न्यासुलू म्हणाले.

"पत्र तुम्हाला आलंय, कबूल. पण बाई निघून गेली की मागे कोण?" त्यांनी एनेसीकडे हात केला, तिच्याकडे पाहिले मात्र नाही. "ही म्हातारी एकटी आहे. कमरेने अधू आहे, असं ऐकतो. उद्या हिला काही झालं तर बोल वरच्या कचेरीला लागेल. आधी आपली म्हातारी सांभाळा, मग स्कॉटलंडच्या म्हाताऱ्या. काही मंडळ्या देणाऱ्या असतात, काही घेणाऱ्या. घेणाऱ्या असण्यात कमीपणा नाही."

न्यासुलूंनी खिशातले खोडरबर बाहेर काढले आणि हातात नुसते फिरवत राहिले.

केझियाने एनेसीकडे पाहिले. एनेसीने तोंड उघडले असते तर सगळे तिथेच संपले असते. मीच नको म्हणालेय, एवढे तीनच शब्द तिच्या जिभेवर होते. खरेही होते. लुसुंगू मात्र आईकडे पाहत नव्हती. ती टेकडीकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा अंगणातून दवाखान्यात निघालेल्या त्या दुपारसारखाच, सारवल्यासारखा सपाट होता.

एनेसी उठली. आधी एक हात जमिनीवर टेकून, मग गुडघ्यावर. कोणीतरी आधार द्यायला पुढे झाले, तिने कोपराने बाजूला सारले.

"साहेब, चला."

"कुठे?"

"म्हातारी बघायला आलात ना? म्हातारीचं शेतही बघा. लांब नाही."

*

सगळी मंडळी मागून आली. एकतीस माणसे, एक मोटरसायकलवाला आणि दोन कुत्री.

दोन वरंबे ओढलेले होते. बाकी सगळे रान तसेच. सचिवांनी ते पाहिले आणि सावकाश मान हलवली, जणू त्यांना हेच म्हणायचे होते.

"एवढंच झालंय?"

"एवढंच. मी हाकलून दिलं ना यांना," एनेसी म्हणाली. "सात बाया भल्या पहाटे फावडी घेऊन आल्या आणि मी त्यांना शेळ्या म्हटलं. लिहायचं असेल तर हे लिहा. यांनी द्यायला हात पुढे केला नव्हता असं नाही. घेणारीचा हात बंद होता."

"आई," लुसुंगू म्हणाली.

"गप. तू पाणी घेऊन ये."

मग तिने केझियापुढे हात केला. केझियाने खांद्यावरचे फावडे उतरवून तिला दिले, या वेळी ओढाताण न होता. एनेसी ते घेऊन चालू लागली. ती ओढलेल्या वरंब्यांकडे गेली नाही. पायवाटेकडे वळली. आडवी ताटे पायाने बाजूला करत वारुळापाशी जाऊन थांबली.

बायका जिथल्या तिथे थबकल्या. केझियाने आपल्या मागच्या बाईचे मनगट धरले.

"साहेब, तुम्ही मंडळीचेच ना? का कचेरीचे?"

"मंडळीचाच."

"मग घ्या." तिने दांडा त्यांच्यापुढे धरला. "घेणाऱ्या मंडळीला कोणी काही दिलं तर ती नाही म्हणत नाही. एक ओळ द्या. ही पहिली. वारुळापासून पायवाटेपर्यंत."

"मी? आत्ता?"

"बुटांची काळजी करू नका. आधीच गेलेत."

मोटरसायकलवाला मोठ्याने हसला आणि लगेच दुसरीकडे बघू लागला. सचिवांनी न्यासुलूंकडे पाहिले. न्यासुलूंनी खोडरबर खिशात ठेवले.

"शेवटचं कधी धरलं होतं?" एनेसीने विचारले.

"शाळेत असताना." ते कोटाच्या गुंड्या सोडू लागले. "आईबरोबर."

त्यांनी कोट काढला, झटकला आणि घडी करून वारुळावर ठेवला. पहिला घाव उडाला. दुसरा रुतला. वारुळाकडची माती कडक असते. वरची साल फुटली की आत मऊ लागते, पण तिथपर्यंत पोचावे लागते. बायकांनी आधी हसू दाबायला तोंडाला रुमाल लावले. मग केझियाने खालच्या आवाजात गाणे धरले, वरंबे ओढताना सगळ्या म्हणतात ते, आणि बाकीच्यांनी उचलले. सचिवांचे फावडे हळूहळू गाण्याच्या तालात पडू लागले. एनेसी त्यांच्या बाजूबाजूने चालत राहिली. अर्ध्यात आल्यावर म्हणाली, "डावीकडे चाललात." पाऊण झाल्यावर म्हणाली, "आता उजवीकडे."

लुसुंगू पाण्याची घागर घेऊन आली तेव्हा ते पायवाटेपाशी पोचले होते. तळहात उघडून बघत होते. अंगठ्याखाली पाण्याने भरलेला फोड आला होता. लुसुंगूने आधी तो फोड पाहिला, मग ती ओळ पाहिली, मग ती ओळ कोणती आहे हे तिच्या ध्यानात आले. घागर कलंडून थोडे पाणी तिच्या पायांवर सांडले.

सचिव पाणी प्याले. ओल्या हातांनीच त्यांनी न्यासुलूंकडून अर्ज मागून घेतला, मोटरसायकलच्या बैठकीवर ठेवला, आणि पेन्सिलीने लिहिलेला तो एकच शब्द शाईने गिरवला. मंडळीच्या नावाच्या जागी काविंगाच राहू दिले. कोट वारुळावर विसरून निघाले होते. केझियाने हाक मारून दिला.

"पुढच्या गुरुवारीही या, साहेब," ती म्हणाली. "अजून अकरा आहेत."

मोटरसायकल टेकडीआड गेली. माणसे पांगली. एनेसी अजून वारुळापाशीच उभी होती. ओळ सापासारखी गेली होती. मधे एकदा डावीकडे, शेवटी उजवीकडे.

"सरळ करून टाकू?" केझियाने विचारले.

"नको. राहू दे."

केझियाने फावडे उचलले, खांद्यावर घेतले. पायवाटेवर लुसुंगू रिकामी घागर घेऊन उभी होती. जातही नव्हती, जवळही येत नव्हती. एनेसीने तिच्याकडे वळून पाहिले नाही. वाकून एक आडवे ताट उचलले, मोडले आणि बांधाकडे फेकले. मग दुसरे.

"उद्या लवकर या," ती केझियाला म्हणाली. "ऊन चढलं की इथली माती दगड होते."