साडूला सापडलेला जबडा

मास्तरांनी दुर्बिणीचं चाक फिरवलं आणि सुरय पक्ष्यांच्या थव्याऐवजी साडूच स्पष्ट दिसायला लागला. खालच्या खडकांवर तो उकिडवा बसला होता. पॅंट घोट्याच्या वर दुमडलेली, चपला मागे जोडीने ठेवलेल्या, कुणाच्या घरी पाहुणा आल्यासारख्या. एका चिरेत बोट घालून तो काहीतरी चाचपत होता.

आता शंख-शिंपले वेचून घरी नेणार, मास्तर मनाशी म्हणाले, आणि आपली बायको त्याचं कौतुक करणार.

मास्तर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, आणि साडू त्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. धंद्याने टेलर. मास्तर त्याला पहिल्यापासून पाण्यात पाहत. तसं त्याने त्यांचं काही घोडं मारलं नव्हतं. पण सासुरवाडीला दोघं एकदम गेले, की सगळे त्याच्याभोवती. कुणाच्या विजारी त्याने शिवलेल्या, कुणाच्या लग्नाचा कोट त्याने शिवलेला. सासूबाई तर शेवटपर्यंत म्हणायच्या की धाकट्या जावयाच्या हातात जादू आहे. थोरल्या जावयाच्या हातात काय आहे, हे त्या कधी बोलल्या नाहीत. मास्तर जेवताना खडकांच्या थरांविषयी सांगायला लागले, की पोरंटोरं एकेक करून पाणी प्यायला उठायची, ती परत यायचीच नाहीत.

बावीस वर्षं मास्तर या तीन बेटांवर येत होते. बेटं म्हणजे तरी काय, उभं चालायला दहा मिनिटं आणि आडवं चालायला पाच. पण ओहोटी लागली की कडेचे खडक उघडे पडत आणि त्यात जुन्या जिवांचे दगड झालेले अवशेष निघत. शिंपले, खेकड्यांच्या नांग्या, माशांचे मणके. सापडलं ते सगळं मास्तरांनी गावच्या संग्रहालयाला देऊन टाकलं होतं. तिथल्या बाई दर वेळी मनापासून आभार मानत आणि दगड खालच्या खणात ठेवत. त्या खणावर चिठ्ठी होती: स्थानिक, किरकोळ. वर काचेच्या कपाटांत ठेवलेल्या वस्तूंपुढे मात्र एकेक छापील पाटी होती आणि तिच्यावर शोधणाऱ्याचं नाव. मास्तरांना अशी एक पाटी हवी होती. बायकोला ते माहीत होतं, होडीवाल्याला माहीत होतं, आणि बहुतेक बाईंनाही.

खरं म्हणजे आज दुर्बिणीपाशी साडूने बसायचं ठरलं होतं. या दिवसांत बेटाच्या माथ्यावर सुरय अंडी घालतात, म्हणून वनखात्याची अट होती: होडीतल्या एका माणसाने वर बसायचं, दर अर्ध्या तासाने पक्षी मोजून लिहायचे आणि कुणी घरट्यांकडे निघालं तर शिट्टी मारायची. इतकी वर्षं ते काम दवाखान्यातला जुना कंपाउंडर करायचा. त्याचा गुडघा गेला. दुसरं कुणी मिळेना, तेव्हा बायको म्हणाली, भावोजींना न्या की, घरीच तर असतात. नेलं. वर आल्यावर साडूने दुर्बिणीला डोळा लावला.

"मास्तर, मला सगळं पांढरं पांढरंच दिसतंय. चादर वाळत घातल्यासारखं."

"अहो, चाक फिरवा."

"फिरवलं. आता दोन चादरी दिसतायत."

आयुष्य सुईत दोरा ओवण्यात गेलेलं. जवळचं बारीकसारीक दिसायचं, लांबचं म्हणजे आनंदच. ओहोटीचे चांगले चार तास हातात असताना मास्तरांना वर बसावं लागलं, आणि त्यांनी जरा तुसडेपणानेच साडूला सांगितलं, "तुम्ही खाली फिरा. घसरू नका म्हणजे झालं."

एवढंच सांगितलं. या नादातल्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायची एक गोष्ट असते: जागा नोंदवल्याशिवाय दगड हलवायचा नाही. कुठल्या टोकाला, कुठल्या थरात, काठापासून किती हातावर, हे लिहायचं, फोटो काढायचा, मगच हात लावायचा. नाहीतर कितीही मोलाचा दगड असो, तो कुठल्या काळातला हे कुणी सांगू शकत नाही. मास्तर हा नियम सगळ्यांना ऐकवत. साडूला ऐकवला नाही, कारण साडूला काही सापडेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

चिरेतली माती साडूने बोटाने उकरली. मग रुमाल काढून फुंकर मारत आतला दगड पुसला. मास्तरांनी चाक आणखी थोडं फिरवलं.

दात होते. एका ओळीत, अंगठ्याएवढे सात-आठ, करड्या थरात रुतलेले, पिवळ्या थराच्या कडेपासून वीतभर खाली.

 त्या चिरेवरून ते स्वतः किती वेळा गेले होते याचा हिशेब नव्हता. गेल्याच महिन्यात तिथे पाय ठेवून त्यांनी बुटाची नाडी बांधली होती.

साडूने जबडा हलवून पाहिला. तो जरासा हलला. मग त्याने मान वर केली, माथ्याकडे पाहिलं आणि हात उंच केला. दुसऱ्या हाताने खाली बोट दाखवलं, आणि काहीतरी उपसून काढल्यासारखी खूण केली. काढू का, असं विचारत होता. लहान मुलासारखं, परवानगी मागत होता.

मास्तरांनी गळ्यातली शिट्टी ओठांत धरली. एक शिट्टी मारली असती तर तो थांबला असता. खाली पोचायला पाच मिनिटं लागली असती, जागा नोंदवायला दहा. आणि मग संग्रहालयात पाटी लागली असती, तिच्यावर टेलरचं नाव. येणाऱ्या-जाणाऱ्याने ते वाचलं असतं. बायकोने दर पाहुण्याला नेऊन दाखवलं असतं.

साडूचा हात अजून वर होता. मास्तरांनी शिट्टी सोडली आणि दुर्बीण सुरयांकडे वळवली.

किती वेळ ते पांढऱ्या थव्याकडे बघत राहिले कोण जाणे. अर्धा तास संपला तेव्हा वहीत आकडा लिहायची वेळ झाली. त्यांनी एकही पक्षी मोजला नव्हता. अंदाजाने एकशे चाळीस लिहिलं. बावीस वर्षांत त्या वहीत अंदाजाचा आकडा त्यांनी कधी लिहिला नव्हता, कंपाउंडरलाही लिहू दिला नव्हता.

होडीत साडूने रुमाल सोडून जबडा मांडीवर ठेवला. होडीवाला वल्हं थांबवून बघायलाच लागला.

"काय चीज आहे हो. मास्तर, हा कशाचा?"

"मगरीच्या जातीचं काहीतरी असेल," मास्तर म्हणाले. "मिळतात असे."

"तुम्हाला किती मिळाले?"

"मोजले नाहीत."

होडीवाल्याने वल्हं पुन्हा हातात घेतलं आणि मिशीत हसला. साडू मात्र हसला नाही. त्याने जबडा परत रुमालात गुंडाळला, चारही टोकं नीट आत घेतली आणि सगळा रस्ता तो दोन्ही हातांनी धरून बसला.

पुढचे चार दिवस मास्तरांच्या घरात दुसरा विषय नव्हता. बायको भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना तेच.

"पहिल्याच दिवशी हो. पक्षी मोजायला म्हणून गेले नि जबडा घेऊन आले. कुणाचं नशीब कसं असतं बघा."

"नशीबच आहे ते," मास्तर म्हणाले. "त्यात अक्कल कुठे लागते."

"मी कुठे अक्कल म्हणाले?" बायको म्हणाली. "तुम्हाला का एवढं झोंबतंय?"

मास्तर पेपर उघडून बसले. झोंबत होतंच. पण आत कुठेतरी एक गारवाही होता, कारण संग्रहालयात काय होणार हे त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. जागेची नोंद नाही. खालचा खड्डा एव्हाना भरतीने वाळू टाकून बुजवला असणार. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते बाईंच्या तोंडचा तो एक शब्द मनात ऐकत आणि कूस बदलत.

शुक्रवारी मास्तर आणि साडू संग्रहालयात गेले. साडू इस्त्रीचा सदरा घालून आला होता. त्याने टेबलावर रुमाल सोडला, तर आतून जबडा लखलखीत. नळाखाली धरून, ब्रशने घासून, मातीचा कणही ठेवला नव्हता. थराची शेवटची खूणही गेली होती.

"मळका कसा आणायचा म्हटलं," साडू म्हणाला.

बाईंनी चष्मा लावला, जबडा उचलला, खिडकीपाशी नेला. बराच वेळ त्या दात मोजत होत्या. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"असा पूर्ण जबडा इकडे कुणालाच मिळालेला नाही. कुठून निघाला?"

"बेटावरनं. खडकातनं."

"तसं नाही. कुठल्या बेटाच्या, कुठल्या टोकाला? करड्या थरातून की पिवळ्या? फोटो काढलात?"

साडूने मास्तरांकडे बघितलं. "नाही हो. सगळे दगड मला सारखेच दिसत होते. डोळ्यांपुढे दात तेवढे दिसले."

बाईंनी चष्मा काढला. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. "करड्या थरातला असेल तर हा फार जुना, मोठी गोष्ट आहे. पिवळ्यातला असेल तर साधी. पण कळल्याशिवाय मला मांडता येणार नाही. किरकोळमध्ये ठेवावा लागेल."

आला तो शब्द. मास्तरांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, थंड पाण्याने तोंड धुतल्यासारखं बरं वाटलं.

साडूने मान खाली घातली. "माझं राहू द्या बाई," तो म्हणाला. "मला यातलं काय कळतं. पण मी यांच्याबरोबर गेलो होतो, त्याचं वाईट वाटतंय. बावीस वर्षं करतायत हे. यांच्या माणसाने असा अडाणीपणा केला, म्हणून यांना बोल लागायला नको." मग मास्तरांकडे वळून हळूच म्हणाला, "चुकलंच माझं."

मास्तरांनी टेबलाच्या कडेवरचा नसलेला कचरा बोटाने झाडला. एकदा झाडला, पुन्हा झाडला. बाई जबडा रुमालावर परत ठेवत होत्या. खालचा खण उघडण्यासाठी त्या वाकल्या.

"मधल्या बेटाचं उत्तरेचं टोक," मास्तर म्हणाले.

बाई वाकलेल्याच राहिल्या.

"होडी लागते तिथून डावीकडे तिसरी मोठी चीर. करडा थर. पिवळ्याच्या कडेपासून वीतभर खाली. दात समुद्राच्या बाजूला होते, आणि जबडा थोडा तिरका, डावं टोक वर."

बाईंनी झटकन कागद ओढला आणि लिहायला लागल्या. अर्धं पान भरल्यावर त्यांनी मान वर केली. "तुम्ही तिथेच होतात?"

"वर होतो. दुर्बिणीपाशी."

"आणि एवढं सगळं दिसलं तुम्हाला?"

"चांगली दुर्बीण आहे."

बाईंनी पेन थांबवलं. "मग जागा न नोंदवता काढू कसा दिलात?"

 मास्तरांनी तोंड उघडलं, पण बोलला साडू.

"मी हात करून विचारलं होतं बाई. हे हो म्हणाले. भरती येईल म्हणून घाई केली असणार."

"असं होय," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "म्हणजे तुमच्या देखरेखीखाली निघाला. मग प्रश्नच नाही. पाटीवर दोघांची नावं येतील, शोधणारे म्हणून यांचं, नोंद करणारे म्हणून तुमचं." त्यांनी छापील अर्ज मास्तरांपुढे फिरवला. "पूर्ण नाव लिहा."

अर्जावर ठिपक्यांची रेघ होती. त्या रेघेवर काय लिहायचं हे मास्तरांनी बावीस वर्षांत पुष्कळदा ठरवलं होतं. कधी आद्याक्षरांसह, कधी पूर्ण नाव, खाली बारीक अक्षरांत निवृत्त शिक्षक. पेन हातात आलं. शेजारी साडू त्यांच्याकडे बघून हसत होता, तेच साधं हसू, सासुरवाडीला सगळ्यांना आवडणारं. सदरे त्याचे, कौतुक त्याचं, जबडा त्याचा. आता पाटीवरचं नावसुद्धा त्यानेच दिलेलं घ्यायचं. हा मोठेपणाही यालाच जावा, हे काही मास्तरांना सोसेना.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मी हो म्हणालो नव्हतो," ते म्हणाले. "भरतीलाही पुष्कळ वेळ होता. यांनी हात केला, तो मला दिसला. मी दुर्बीण दुसरीकडे वळवली."

 बाईंनी एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा साडूकडे.

साडूचं हसू गेलं, पण तो दचकला नाही. त्याने रुमालाचं एक टोक सरळ केलं.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "दुर्बिणीची काच चमकत होती ना उन्हात. मी हात वर केला आणि ती चमकायची थांबली."