नऊ, अकरा, तेरा, पंधरा

त्या मुलीचं घरातलं नाव कुजबुज. ते आत्याने ठेवलं होतं. वय आठ, पण परक्या माणसाशी एक शब्द बोलेल तर शपथ. काय सांगायचं ते ती आईच्या कानात सांगायची आणि आई पुढे पोहोचवायची. दुकानात तसंच, दवाखान्यात तसंच. शाळेतही तेच, कारण आई त्याच शाळेत शिकवायची. सुट्टीनंतर मात्र ती मोठ्या शाळेत जाणार होती. तिथे आईचा कान नसणार, ही काळजी आईचा पिच्छा सोडत नव्हती.

म्हणून समुद्रावर जायचं ठरलं तेव्हा आई म्हणाली, "रिझर्वेशन करू या. मला तिच्या शेजारीच जागा हवी."

"कशाला?" आत्या म्हणाली. ती टपाल वाटायची, त्यामुळे गल्लीतल्या कुत्र्यांशीसुद्धा तिच्या गप्पा चालायच्या. "मिळेल तिथे बसायचं. 'जरा सरकता का' एवढं तरी पोरगी शिकेल."

"ताई, ती उभ्याने प्रवास करेल, पण विचारणार नाही."

"तू लगेच कान पुढे करतेस. मग कशाला विचारेल?"

कुजबुजने चित्रांच्या पुस्तकात नाक खुपसलं होतं, पण बराच वेळ पान काही उलटलं नव्हतं.

निकाल बाबांनी दिला. नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्यात त्यांची अठरा वर्षं गेली होती. "रिझर्वेशन करायचं. आणि जागांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नका." ते स्वतः स्टेशनवर गेले आणि चार तिकिटं घेऊन आले. नऊ, अकरा, तेरा, पंधरा.

"खिडकीवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, हेच नंबर नक्की का म्हणून," ते हसत म्हणाले. "मी म्हटलं, बाई, माझा जन्म यातच गेलाय."

त्यांच्या नाट्यगृहात डावीकडे सगळे विषम आकडे होते आणि उजवीकडे सम. नवाच्या शेजारी अकरा. आगगाडीत तसं नसतं, हे त्यांना डब्यात चढल्यावर कळलं. नऊच्या शेजारी दहा होता. मग मधली वाट आणि पलीकडे अकरा-बारा. तेरा आणि पंधरा मागच्या ओळीत, तेही वाटेच्या दोन बाजूंना.

"वा रे जागेवाल्या!" आत्या पंधरावर बसत म्हणाली. "चार जणांच्या चार दिशा केल्यास."

बाबा तेरावर बसले आणि तिकिटं पुन्हापुन्हा पाहू लागले.

कुजबुज नऊवर, खिडकीशी. शेजारी दहावर एक अनोळखी आजोबा. अकरावर बसलेली आई वाकली, पण मध्ये आजोबा आणि वाट. कान पोहोचेना.

गाडी सुटली तसं मागे सोळावर एका लहानग्याने भोकाड पसरलं. त्याला आजी हवी होती, आणि आजी पुढे बारावर, आईच्या पलीकडे अडकली होती. त्याचा मोठा भाऊ चौदावर, बाबांच्या शेजारी.

"सगळ्यांची ताटातूट," आजोबा पुटपुटले. त्यांच्या हातात चार तिकिटं होती. कुजबुजने चोरून वाचलं. दहा, बारा, चौदा, सोळा.

ती कितीतरी संध्याकाळी बाबांच्या रिकाम्या नाट्यगृहात खुर्च्या मोजत हिंडली होती. तिच्या लक्षात यायला क्षणही लागला नाही. बाबांनी एक सोडून एक जागा घेतली, म्हणून या लोकांना मधल्या उरल्या.

ती हळूच काहीतरी म्हणाली.

"अं?" आजोबा वळले. "मोठ्याने बोल बाळ, हा कान कामातून गेलाय."

कुजबुजने आईकडे पाहिलं. आई अर्धी उठलीसुद्धा. मागून आत्याचा हात तिच्या खांद्यावर आला. आई तशीच थबकली, आणि पुन्हा बसली. तिने पर्सचा पट्टा घट्ट धरून ठेवला होता.

मुलगी उठून वाटेत उभी राहिली. पाठ ताठ, तळहात वर, अगदी बाबा उभे राहतात तशी.

"आजोबा, तुम्ही..." आवाज चिरकला. "तुम्ही चौघं मागच्या ओळीत बसा. आम्ही पुढच्या."

"का गं?"

"बाबांचं चुकलंय. आमच्या नाट्यगृहात नवाशेजारी अकरा असतो."

आजूबाजूची माणसं हसली. तिचे कान लाल झाले, पण ती खाली बसली नाही.

"दहा नंबर तेरावर जा. बारा नंबर पंधरावर. चौदा आणि सोळा, तुम्ही उठू नका."

रडणारा सोळा नंबर चकित होऊन गप्प झाला. आजोबा उठले, आजी उठल्या, बाबा मान खाली घालून पुढे आले. दोन मिनिटांत सगळं जागच्या जागी. आजीने नातवाला मांडीवर ओढलं.

"मी बसू का तुझ्या शेजारी?" आईने वाटेपलीकडून विचारलं.

कुजबुजने दहावर बसलेल्या बाबांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आत्ता नको. इथून दिसतेस तू."

आई बरं म्हणाली, पण दोघी मायलेकी बराच वेळ एकमेकींकडे पाहत राहिल्या.

"परत येताना रिझर्वेशन नको," आत्याने बारावरून जाहीर केलं.

"करायचं," कुजबुज म्हणाली. "पण खिडकीवर मी बोलणार."

"तिथे काच असते," बाबा म्हणाले. "फार मोठ्याने बोलावं लागतं."

"माहीत आहे."

"काय म्हणाली ती?" मागून आजोबांनी विचारलं.

कुजबुज सीटवर गुडघे टेकून मागे वळली आणि त्यांच्या चांगल्या कानाकडे तोंड करून तिने सगळं पुन्हा सांगितलं.