पदराआडचे दात

"वरनं खाली घासायचं. मग हा बारका ब्रश तारेखालनं सरकवायचा, असा. रगडायचं न्हाई, हिरडीतनं रक्त येतं." मेहरुनबी प्लॅस्टरची बत्तिशी हातात धरून सांगत होती. समोर पाटणची मयूरी. आत्ताच दातांना तार बसवलेली, त्यामुळं तोंड रडवेलं.

"ऊस बंद, चिक्की बंद. कंदी पेढा चालंल, पन लगेच चूळ भरायची."

"मावशी, तुमी घासून दाखवा की."

मेहरुनबीनं तोंडावरचा पदर आणखी ओढला. "ह्याच्यावर दिसतंय की गं," ती म्हणाली.

साताऱ्याच्या त्या दातांच्या दवाखान्यात ती बारा वर्षं मदतनीस होती. तारवाल्या मुलांना दात घासायला तिच्यासारखं कुणी शिकवत नसे, खुद्द शरयू डॉक्टरसुद्धा नाही. आणि हिचे स्वतःचे दात मिश्रीनं काळेकुट्ट! दहाव्या वर्षी दाढ दुखली म्हणून आजीनं बोटावर चिमूटभर मिश्री दिली, ती जन्माची चिकटली. दोनदा सोडली, दोनदा डोकं भणभणलं आणि डबी पुन्हा उघडली. काय करणार बापडी.

लेकीच्या, आसियाच्या दातांना मात्र तिनं जिवापाड जपलं. दोन वर्षं तार होती. सुरुवातीला पोर रडायची, ब्रश लावू द्यायची नाही. मग मेहरुनबी तिचं डोकं मांडीवर घेई आणि तारेत अडकलेला भाकरीचा कण न् कण काढी. एक डाग पडू दिला नाही. कालच तार निघाली होती आणि उद्या सांगलीहून पाहुणे आसियाला बघायला येणार होते.

रविवारी सकाळी केस विंचरता विंचरता आसिया आरशातच बघत म्हणाली, "अम्मा, तू बाहेर येऊ नगंस. सरबत शेजारची खाला आणंल."

"का गं?"

"तुझे दात, अम्मा. ती लोकं शिकलेली हायत."

मेहरुनबी "बरं" म्हणाली.

पाहुणे आले तेव्हा ती स्वयंपाकघरात पडद्यामागं उभी होती. मुलाच्या आईनं विचारलं, "अम्मी दिसत नाही तुझी?"

"कामावर गेलीय. सुट्टी न्हाई मिळाली," आसिया म्हणाली आणि हसली.

"दात किती छान आहेत गं. आईवर गेलीस वाटतं."

आसियानं सरबताचा पेला त्यांच्यापुढं सरकवला.

मेहरुनबी मागच्या मोरीवर गेली. फळीवर आसियाचा तो बारका ब्रश पडला होता. तिनं तो घेतला आणि आपले दात घासू लागली. वरून खाली, मग आडवे, मग नुसतं रगडणं. मोरीत पडलेलं पाणी लाल झालं. दात होते तसेच काळे राहिले.

"अम्मा, गेले पाहुणे," आतून आसियाची हाक आली. "ये आता भायेर."

तिनं चूळ भरली, ब्रश धुऊन जागेवर ठेवला, पदर तोंडावर घेतला आणि घरात गेली.